पगार वीस हजार, महिना साडेतेरा हजारांचा

बेताच्या उत्पन्नाच्या घरात पैसा पुरत का नाही असं विचारलं, तर उत्तर बहुधा रोजच्या खर्चावर येऊन थांबतं. भाजी महागली, गॅस महागला, मुलांचा खाऊ वाढला. यात खोटं काही नाही. पण जमाखर्चाची वही वर्षभर नीट लिहिलेल्या घरात डोकावलं, तर दिसतं की रोजचा खर्च गृहिणीने केव्हाच आवळून धरलेला असतो. घर अडतं ते वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांपाशी. जूनमध्ये शाळा, मग गणपती, मग दिवाळी, उन्हाळ्यात धान्य आणि लगीनसराई. हे सगळे ठरल्या महिन्यात येतात आणि तरी दर वेळी हातउसने घ्यायला लावतात, कारण हिशेब आपण महिन्याचा ठेवतो आणि खर्च मात्र वर्षाचे असतात.

म्हणून काटकसरीची सुरुवात चहातली साखर कमी करण्यापासून करू नका. आधी वर्ष बसवा.

आधी मोठे खर्च कागदावर घ्या

तालुक्याच्या गावातलं एक घर धरू. नवरा-बायको, शाळेत जाणारी दोन मुलं आणि आजी. घर स्वतःचं आहे, एक दुचाकी आहे आणि महिन्याला २०,००० रुपये येतात, म्हणजे वर्षाला २,४०,०००. या घराचे वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च समजा असे आहेत:

- वर्षाचं धान्य, डाळी, तिखट-मसाला: १८,०००
- शाळा (फी, वह्या, गणवेश, दप्तर): १४,०००
- गणपती-दिवाळी: १५,०००
- लग्नकार्यं, आहेर, गावी जाणं-येणं: १०,०००
- दवाखाना: ८,०००
- दुचाकीचा विमा, दुरुस्ती, टायर: ५,०००
- घरपट्टी, पाणीपट्टी: ४,०००
- पावसाळ्याची तयारी (पत्रे, गळती, छत्र्या, रेनकोट): ३,०००

एकूण ७७,००० रुपये. याला बारांनी भागलं की महिन्याला ६,४१७ रुपये होतात. म्हणजे हातात २०,००० येत असले, तरी त्यातले साडेसहा हजारांच्या आसपास आधीच कुणाचे तरी आहेत. महिना चालवायला उरतात ते १३,५८३. दर महिन्याला वीस हजार आपले समजून खर्च करायचे आणि जून आला की सोनं गहाण ठेवायचं, या चक्राचं मूळ या एका वजाबाकीत आहे.

तुमचे आकडे वेगळे असतील. भाड्याचं घर असेल तर गणित आणखी घट्ट बसेल. पण यादी करताना अंदाजाने आकडे टाकू नका. गेल्या वर्षीच्या पावत्या, बँकेचं पासबुक, मोबाइलवरून केलेल्या पेमेंटची यादी आणि वाण्याची वही समोर घ्या. आहेराचा आकडा तर आठवणीतून कधीच खरा निघत नाही. तो नेहमी वाटतो त्यापेक्षा मोठा असतो.

आता उरलेल्या १३,५८३ रुपयांत महिना बसवून पाहू. दूध १,८००, भाजी-फळं २,४००, किराणा ३,००० (धान्य वेगळं धरल्यामुळे तो एवढ्यात बसतो), गॅस आणि वीज १,८००, मोबाइल ६००, पेट्रोल आणि प्रवास १,७००, आजीची नेहमीची औषधं ७००, साबण, केस कापणं आणि किरकोळ ८००. बेरीज १२,८००. उरले ७८३ रुपये. रक्कम लहान दिसते, पण वर्षात ९,००० च्या वर जाते. अडीनडीला हात घालायला हाच पहिला डबा.

वर्ष जुलैपासून मोजा

कॅलेंडरचं वर्ष जानेवारीला सुरू होतं, सरकारचं एप्रिलला. घरखर्चाचं वर्ष मात्र जुलैला सुरू करावं. कारण साधं आहे. आपल्याकडचा सगळ्यात जड काळ एप्रिल ते जून. धान्य, लग्नं आणि शाळा या तीन महिन्यांत एकामागून एक येतात. जुलैपासून दरमहा ६,४१७ बाजूला पडत गेले तर मार्चअखेर ५७,७५३ जमतात. त्यातून सणवार, दुचाकी, घरपट्टी आणि नऊ महिन्यांचा दवाखाना धरून ३०,००० गेले, तरी जवळजवळ २७,७५० हातात राहतात. त्यात पुढच्या तीन महिन्यांची भर पडते आणि धान्य, आहेर, शाळा, पावसाळा असं करत जूनअखेर पेटी रिकामी होते. ती तशीच व्हायला हवी. रिकामी झाली, पण कर्ज झालं नाही, एवढं साधलं की वर्ष बसलं.

हे पैसे ठेवायचे कुठे? रोजच्या खात्यात ठेवलेले पैसे खर्च होतातच. दुसरं बचत खातं उघडा, त्याचं एटीएम कार्ड घेऊ नका आणि ते मोबाइलच्या पेमेंट ॲपला जोडू नका. शाळा आणि धान्यासाठीची रक्कम बारा महिन्यांच्या आवर्ती ठेवीत घातली तर मोडण्याचा मोह कमी होतो. पोस्टाची आवर्ती ठेव पाच वर्षांची असते, म्हणून या कामाला बँकेची किंवा विश्वासाच्या पतपेढीची बरी. भिशीत वर्षाचे पैसे गुंतवू नका. भिशीचा नंबर ऑगस्टमध्ये लागला तर जूनची फी भागत नाही, आणि कुणी मध्येच हात वर केले तर दाद मागायची सोय नसते. बचत गट असेल तर त्यातली बचत चालू ठेवा. अडचणीच्या वेळी गटाचं अंतर्गत कर्ज बाहेरच्या सावकारापेक्षा केव्हाही परवडतं.

हंगामात भरा, पण उधारीवर नको

वर्षाचं धान्य भरण्याची आपली जुनी रीत आजही फायद्याची आहे, फक्त ती हिशेबाने पाळायला हवी. प्रत्येक मालाचा आपला महिना असतो. नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीत निघते आणि त्यानंतर डाळ बाजारात येते. चिंच फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. तेव्हा ती घेऊन, चिंचोके काढून, मीठ लावून बरणीत दाबली की वर्षभर टिकते. लाल मिरची आणि गहू मार्च-एप्रिलमध्ये. गुऱ्हाळं हिवाळ्यात जोरात असतात, तेव्हा गूळ घ्यावा.

कांद्याचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण फसगत तिथेच होते. टिकतो तो रब्बीचा, एप्रिल-मेमध्ये निघणारा उन्हाळी कांदा. पावसाळ्यानंतर येणारा लाल कांदा साठवणुकीचा नसतो, त्यामुळे तो स्वस्त मिळाला म्हणून पोतंभर घेऊ नका. उन्हाळी कांदा घेताना मान बारीक आणि सुकलेली, पात पूर्ण वाळलेली पाहा. जाड मानेचा कांदा आधी सडतो. पोत्यात कोंबण्यापेक्षा बांबूच्या टोपलीत किंवा जाळीच्या पिशवीत, हवा खेळेल असा ठेवा. बटाट्याशेजारी ठेवू नका. आठवड्यातून एकदा हात फिरवून ओला, मऊ लागलेला काढा आणि आधी वापरा. असा कांदा दिवाळीच्या सुमारापर्यंत साथ देतो, आणि बाजारात कांदा चढतो तो नेमका त्याच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत.

धान्य भरताना ओलावा हा खरा शत्रू. दाताखाली कटकन फुटेल इतका गहू वाळवा, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच कोठीत भरा. गरम धान्य भरलं की झाकणाला पाणी सुटतं आणि कीड लागते. वाळवलेला कडुनिंबाचा पाला थरांत घालावा, तूरडाळीला एरंडेल तेलाचं बोट फिरवावं. विषारी वायू सोडणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरातल्या कोठीत कधीही टाकू नका. त्या वायूने माणसं दगावली आहेत.

आणि मुख्य अट: हा व्यवहार रोखीचाच हवा. महिना शेकडा २ ने पैसे काढून वर्षाचं धान्य भरलं, तर हंगामातल्या स्वस्ताईचा फायदा व्याज खाऊन टाकतं. या वर्षी हातात सहाच हजार असतील तर फक्त तूरडाळ आणि मिरची भरा. गहू महिन्याला घ्या. पुढच्या वर्षी यादी वाढवा.

भाव मापाने वाचा

गोड्या तेलाचा डबा घेताना त्यावर १५ किलो लिहिलंय की १५ लिटर, ते आधी बघा. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. एक लिटर तेल भरतं साधारण ९१० ग्रॅम. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात तेल सुमारे १३ किलो ६५० ग्रॅम असतं. शंभर रुपयांनी स्वस्त म्हणून घेतलेल्या लिटरच्या डब्यात किलोच्या डब्यापेक्षा सव्वा किलोहून जास्त तेल कमी येतं. पिशव्यांचंही तसंच. लिटरच्या पिशवीशेजारी तिच्यासारखीच दिसणारी, पण कमी मापाची पिशवी मांडलेली असते. पाकिटावर दर ग्रॅमचा किंवा दर मिलीलिटरचा भाव छापण्याचा नियम आहे. बारीक अक्षरातली ती ओळ शोधा. मोठं पाकीट स्वस्तच असतं असंही समजू नका. शाम्पूची पुडी बाटलीपेक्षा स्वस्त पडल्याचं अनेकदा दिसतं.

मोबाइलच्या रिचार्जचंही माप असंच. २८ दिवसांचा प्लॅन म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. त्याच कंपनीचा ८४ दिवसांचा किंवा वर्षाचा प्लॅन धरून रोजचा खर्च काढा आणि मग ठरवा. घरात तीन फोन असतील तर इंटरनेट तिन्हींना लागतं का, हेही विचारा.

गॅसची टाकी आली की वजन करून घ्या. टाकीवर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं. त्यात १४.२ किलो मिळवा, तेवढं भरलं पाहिजे. टाकी आणणाऱ्याला काटा लावायला सांगणं हा तुमचा हक्क आहे. डाळ-कडधान्यं भिजवून, कुकरात एकावर एक डबे लावून शिजवणं आणि शिटीनंतर आच बारीक करणं तुम्हाला माहीतच आहे. ते रोज केलं की टाकी काही दिवस जास्त जाते.

विजेत पंखा लक्षात घ्या, कारण तो सगळ्यात जास्त तास फिरतो. जुना ७५ वॅटचा पंखा १५ तास चालला तर दिवसाला एका युनिटाहून थोडी जास्त वीज खातो. ३० वॅटचा बीएलडीसी पंखा अर्ध्या युनिटाहून कमी. एका पंख्यामागे महिन्याला २० युनिट वाचतात. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांच्या वर दुसरा, बराच चढा टप्पा लागतो. तो फक्त वरच्या युनिटांना लागतो, पण तुम्ही वाचवलेले युनिट नेमके त्या वरच्या टप्प्यातलेच असतात. तरी चालू पंखा काढून टाकू नका. नवा पंखा महाग असतो. जुना जळाला की त्या जागी असा घ्या.

हक्काचं ते सोडू नका

काटकसरीत आपण दहा-वीस रुपये वाचवतो आणि हजारोंचा हक्क कागदाअभावी सोडून देतो. पुढच्या गोष्टी एकदा तपासून पाहा.

शिधापत्रिका. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो धान्य मोफत मिळतं. प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरात ५९,००० रुपये आहे. वर धरलेलं घर त्यात बसणार नाही, पण मोलमजुरीवर चालणारी अनेक घरं बसतात. लग्न होऊन आलेल्या सुनेचं आणि नव्या बाळाचं नाव कार्डावर चढवायचं राहून जातं. ते चढवा आणि सगळ्यांची ई-केवायसी झाल्याची खात्री करा.

दवाखाना. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. मोठ्या आजारासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. जवळचं कोणतं रुग्णालय योजनेत आहे, हे आजार येण्याआधी शोधून वहीत लिहून ठेवा. रात्री दोनला ते शोधायची वेळ येऊ नये. रोजच्या गोळ्यांसाठी डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रात भाव विचारा. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्यांत फरक मोठा पडतो.

विमा. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा वर्षाला ४३६ रुपयांत आणि सुरक्षा विमा २० रुपयांत मिळतो. दोन्हींत २ लाखांचं संरक्षण आहे, पहिल्यात कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास, दुसऱ्यात अपघातासाठी. हप्ता मेअखेर खात्यातून कापला जातो. त्या आठवड्यात खात्यात ४५६ रुपये नसले तर विमा बंद पडतो आणि घरात कुणाला पत्ताही लागत नाही.

प्रवास आणि शिक्षण. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि ७५ च्या पुढे मोफत. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४ पासून शासन भरतं. उत्पन्नाचा दाखला मात्र निकालाच्या धांदलीत काढायला जाऊ नका. तहसीलची रांग तेव्हा सगळ्यात लांब असते.

व्याज हा खर्च यादीत लिहा

'शेकडा तीन' ऐकायला हलकं वाटतं. २०,००० रुपयांवर ते महिन्याला ६०० आणि वर्षाला ७,२०० होतं, आणि मुद्दल जागच्या जागी. आपल्या यादीतल्या शाळेच्या खर्चाचा निम्मा भाग त्यात गेला. सोनं असेल तर ते बँकेत तारण ठेवून असं कर्ज आधी फेडा. बँकेचं व्याज याच्या साधारण एक तृतीयांश असतं. परवाना नसलेली सावकारी महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते. आठवड्याच्या हप्त्यांची सूक्ष्मकर्जं दोन-तीन ठिकाणांहून घेऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशा घराचे सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. पण घर सुरळीत चालायचं तर पाचव्या हिश्श्यातच थांबा.

शेतकरी घरात उलटा पेच असतो. खर्च दरमहा आणि पैसा सोयाबीन, कापूस किंवा उसाच्या बिलाला एकदम. बिल आलं की आधी पीककर्ज मुदतीत भरा. वेळेत परतफेड केली तर राज्यात ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज बिनव्याजी पडतं. मग पुढच्या हंगामाचं बी-खत बाजूला काढा आणि उरलेल्याचे बारा भाग करून घराला दर महिन्याच्या एक तारखेला पगार द्या. रोजंदारीवरच्या घरानेही वर्षातला सगळ्यात कमी कमाईचा महिना धरून खर्च बसवावा. बरकतीच्या महिन्यातलं जास्तीचं सरळ दुसऱ्या खात्यात जावं.

कुठे कात्री लावायची नाही

डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे कमी करून वाचलेला पैसा दवाखान्यात जातो. बऱ्याच घरांत सगळ्यांना वाढून झाल्यावर घरची बाई उरलंसुरलं खाते आणि त्याला काटकसर म्हटलं जातं. ती काटकसर नाही. तिच्या अंगातलं रक्त कमी झालं की सगळ्या घराचा हिशेब कोलमडतो. दुखणारा दात, मुलांचा चष्मा, दुचाकीचे ब्रेक आणि हेल्मेट यांनाही पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

कात्री लावायला जागा आहे ती मानपानात. आहेराची वही ठेवा, नात्याप्रमाणे तीन रकमा ठरवा आणि घरातल्या सगळ्यांनी त्याच पाळा. भावकीत चार घरांनी मिळून साड्या-टॉवेल-टोप्यांचा परस्पर आहेर बंद केला, तर एकाचंही नाक कापलं जात नाही. दिवाळीचे कपडे मुलांना घ्या, मोठ्यांनी एक वर्षाआड. हे निर्णय मुलांसमोर, आकडे सांगून घ्या. दहा-बारा वर्षांच्या मुलाला 'पैसे नाहीत' हे उत्तर पटत नाही, पण 'शाळेच्या पेटीत अजून चार हजार कमी आहेत' हे नीट कळतं.

पहिल्या वर्षी ७७,००० ची यादी पूर्ण भरली जाणार नाही, हे गृहीत धरा. निम्म्या रकमेपासून सुरुवात झाली तरी चालेल. ती निम्मी रक्कम आधी शाळेला आणि धान्याला द्या, मग बाकीच्यांना. महिन्याच्या शेवटी वीस मिनिटं वही उघडून ठरवलेलं आणि झालेलं शेजारी-शेजारी लिहा. जे तीन महिने सलग चुकतंय तो आकडाच बदला, कारण तिथे अंदाज चुकलेला असतो, माणूस नव्हे. दुसऱ्या जूनला फी भरताना कुणाकडे हात पसरावा लागला नाही, तर तिसऱ्या वर्षी यादीत एक नवी ओळ घाला: अडीनडीसाठी तीन महिन्यांचा घरखर्च.